दोन परस पाणी

गाडीतल्या टॅबवर इव्हेंट पडला तेव्हा रात्रीचे 1 वाजून 52 मिनिटं झाली होती. संक्रांत तोंडावर आलेली, शिवारात गहू पोटरीला आलेला, बोलेरोच्या काचा वर करूनही पाय गारठत होते. टॅबवर दीड ओळ होती. लहान मुलाचा फोन, आई रागानं विहिरीकडे गेली, ठिकाण आखाडा. खाली गावाचं नाव. माझ्याबरोबरचा शिपाई सातारकडचा, नोकरीला जेमतेम तीन वर्षं झालेला. त्यानं ओळ वाचली आणि म्हणाला, "मेजर, या गावात तालीम कुठंय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याकडं आखाडा म्हटलं की लाल माती, लंगोट आणि पैलवान. आमच्याकडं, जालन्यापासून पार परभणी-हिंगोलीपर्यंत, आखाडा म्हणजे शेतातलं राहतं ठिकाण. चार पत्रे, एक गोठा, पुढं बाज, कडब्याची गंजी, कडेला विहीर. गावात घर असतं, त्याला कुलूप असतं, आणि माणसं आखाड्यावर असतात. पत्ता म्हणून हा शब्द त्या रात्री आमच्या काही कामाचा नव्हता. त्या एका गावाच्या शिवारात शंभरावर आखाडे असतील.

टॅबवरच्या नकाशात एक गोल दिसतो. फोन ज्या टॉवरखाली आहे त्या टॉवरचा तो अंदाज. शहरात हा गोल लहान पडतो. आमच्या भागात त्या गोलात दोन गावं, एक तांडा, ओढा आणि नजर पोहोचेल तिथवर कापूस-तूर मावते. मी ज्या नंबरवरून फोन आला होता तो लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"पोलीस बोलतो. बाळा, कितवीत आहेस?"

"सहावीत."

"मम्मी कधी गेली?"

"आत्ताच. पप्पानं मारलं. पप्पा झोपले."

"अजून कोण आहे घरात?"

"बारकी बहीण."

"तुमच्या आखाड्याजवळ काय दिसतं?"

थोडा वेळ श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "अंधार हाय."

बावीस वर्षांच्या नोकरीत मी हजारदा ठिकाण विचारलं असेल, पण आपण काय विचारतोय हे त्या क्षणी नव्यानं कळलं. मी म्हटलं, "दिवसा काय दिसतं?"

"बाभळ दिसती. पडकी मोटारीची खोली. अन् लांब टावर."

"विहिरीकडं जाऊ नकोस. बहिणीपाशी थांब. फोन ठेवू नको, मी येईपर्यंत कानाला धरून ठेव."

शिपायानं गाडी काढली.

तो फोन 112 वर आला होता. महाराष्ट्रात हा नंबर 2021 मध्ये सुरू झाला. फोन आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडं येतो आणि तिथून जी गाडी जवळ असेल तिच्या टॅबवर पडतो. आम्ही निघालो की बटण दाबायचं, पोहोचलो की दाबायचं, काम झालं की काय केलं ते लिहून इव्हेंट बंद करायचा. पूर्वी 100 नंबर थेट जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात वाजायचा. तिथं बसलेला जमादार जिल्ह्यातलाच, त्याला आखाडा म्हणजे काय हे सांगावं लागायचं नाही, आणि फोन करणाऱ्याच्या बोलीवरून तो भोकरदनचा की परतूरचा हेही तो ओळखायचा. आमच्यातले जुने लोक म्हणतात, तेच बरं होतं. मला तसं वाटत नाही. त्याला कारण एक भिंत आहे.

बारा-तेरा वर्षं झाली. मी दुसऱ्या तालुक्यात होतो. एका घरी नवरा-बायकोच्या भांडणाला गेलो. तिचा ओठ फुटलेला, तो ओट्यावर मान खाली घालून बसलेला, भावकीतली चार माणसं गोळा झालेली. त्यातला एक जाणता मला बाजूला घेऊन म्हणाला, साहेब, घरातलं आहे, मिटवून घेतो. मी मिटवू दिलं. निघताना ती दारात आली आणि हळूच म्हणाली, पुन्हा मारलं तर कुणाला सांगू? मी चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि दाराच्या आतल्या भिंतीवर ठाण्याचा नंबर लिहून दिला. कोडसकट अकरा आकडे. ठाण्यात येऊन डायरीला नोंद घातली: उभयतांस समजावून सांगितले, पतीस समज दिली.

एकोणीस दिवसांनी मी त्याच घरात पंचनाम्याला उभा होतो. पंच म्हणून आणलेले दोघं उंबऱ्याबाहेर थांबले, आत यायला तयार होईनात. मी आत जाऊन दार लोटलं आणि भिंत दिसली. तेवढ्याच जागेवर चुन्याचा एक हात मारलेला. बाकी भिंत धुरानं काळी, आणि मध्ये हा दीड फुटाचा पांढरा पट्टा. चुना पातळ होता, त्याखालून शेवटचे दोन आकडे वाचता येत होते. मी पंचनाम्यात ते लिहिलं: दरवाजाचे आतील बाजूस भिंतीवर सुमारे दीड फूट लांबीचा चुन्याचा ताजा पट्टा. त्या वाक्याचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. तपास दुसऱ्याकडं होता, आणि महिन्याभरात माझी बदली झाली. त्या वाक्याइतकंच तिच्यासाठी मी केलं, आणि ते ती गेल्यावर केलं.

तीन आकडे भिंतीवर लिहावे लागत नाहीत. सहावीतल्या पोराच्या तोंडात राहतात, चुना फासून पुसता येत नाहीत. दिल्लीत 16 डिसेंबर 2012 च्या रात्री जे झालं त्यानंतर केंद्रानं निर्भया निधी उभा केला, आणि त्या पैशातून देशभर ही 112 ची यंत्रणा उभी राहिली. टॅब हातात घेतला की मला ते आठवतं. गावातला वजनदार माणूस आजही मध्यरात्री फोन करून म्हणतो, किरकोळ आहे, येऊ नका. पण फोन आल्याची वेळ राहते, आम्ही निघाल्याची राहते, पोहोचल्याची राहते. दारू पिऊन रात्रीतून तीनदा फोन करणारे असतात, बांधाच्या वादात समोरच्याला धाक म्हणून आम्हाला बोलावणारे असतात. जावं लागतं, जातो. त्या फोनांच्या गर्दीतूनच एखादा असा पोरगा येतो.

गावाच्या वेशीत पोहोचलो. कुत्री भुंकली, कुठलं दार उघडलं नाही. पोलीस पाटील पाहुण्यांच्या गावी गेलेले. 1967 च्या कायद्यानं नेमलेला हा माणूस म्हणजे खेड्यातलं आमचं अर्धं ठाणं असतो. फोनवर त्यांनी पोराच्या नावावरून भावकी सांगितली, पण त्या भावकीचे नऊ आखाडे, तेही तीन दिशांना. कानाला लावलेल्या फोनमधून पोरगा मधूनच म्हणायचा, "सायेब, आले का?" आणि मी म्हणायचो, "आलो, आलो."

अशा वेळी आमच्या जिल्ह्यात एकच इलाज असतो: शिवारात हलणारा दिवा शोधायचा. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, असा आमच्याकडचा फेरा. रात्रीची लाईट असली की माणसं डोक्याला बॅटरी बांधून गव्हात, कांद्यात पाण्याला उभी असतात. थंडीत, चिखलात, साप-विंचवाच्या भीतीत. लोकांना वाटतं रात्री पोलीस जागा असतो. रात्री शेतकरी जागा असतो, आणि त्याच्या उजेडावर आम्ही वाट काढतो. दिवसा लाईट मिळाली तर ही माणसं झोपतील आणि ती झोप त्यांच्या हक्काची आहे, मी तिच्या आड येणार नाही. पण आजवर मला रात्री वाट दाखवणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसं फावडं हातात असलेली होती.

एक दिवा दिसला. हाक मारली. तो फावड्यावर रेलून उभा राहिला. मी म्हटलं, बाभळ, पडकी मोटारीची खोली, लांब टॉवर. त्यानं दोन क्षण विचार केला आणि म्हणाला, "खोली टावरच्या अलीकडं का पलीकडं?" मी फोनवर विचारलं. "अलीकडं," पोरगा म्हणाला. "मंग कळलं. गाडी न्हाई जायची, पांदणीत गुडघाभर चिखल हाय. माझ्यामागं या." त्याचा वाफा भरत आला होता. दुसरीकडं दारं फोडायला दोन मिनिटं लागली असती. त्यानं फावडं बांधावर टाकलं आणि चालू लागला.

बांधावरून जाताना मी मनात विहिरी मोजत होतो. आमच्या भागातली विहीर म्हणजे तीस-चाळीस फुटांचा उघडा खड्डा, काठ जमिनीला समपातळीत, कडेला गवत वाढलेलं. कठडा बांधायला पैसा लागतो, आणि पैसा आधी मोटारीला, पाइपाला, बोअरला जातो. रस्त्याच्या कडेलासुद्धा अशा विहिरी आहेत. 18 जुलै 2024 ला, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांना घेऊन जालन्याहून राजूर रस्त्यानं निघालेली काळी-पिवळी तुपेवाडी फाट्यापाशी रस्त्याकडेच्या विहिरीत गेली. सात माणसं गेली. वारी करून, विठ्ठलाचं दर्शन घेऊन, घर काही किलोमीटरवर आलेलं असताना. मी त्या दिवशी दुसऱ्या भागात ड्युटीवर होतो. वायरलेसवर ऐकत होतो. पहिल्यांदा धावले ते आसपासचे लोक. तसंच होतं. विहिरीवर पोलीस कधीच पहिला नसतो. आम्ही जाईपर्यंत कुणीतरी दोर बांधून उतरलेलं असतं, बाजेच्या चार पायांना दोर बांधून ती खाली सोडलेली असते. आणि उशीर झालेला असेल तर गावात कुणाकडं तरी गळ असतो, तो आणायला पोरगं पळालेलं असतं. मी नोकरीत किती वेळा तो गळ पाण्यात फिरताना पाहिला ते मोजलेलं नाही. दोराला ओढ लागली की काठावरची सगळी माणसं एकदम गप्प होतात. ती शांतता कुठल्याही पंचनाम्यात लिहायची सोय नाही.

बाभळ दिसली. मग खोली. मग विहिरीचा काठ, आणि काठावर बसलेली ती. पाय आत सोडलेले, डोक्यावर पदर, हात मांडीवर. मी बॅटरी वर केली तशी शेतकऱ्यानं माझं मनगट धरून खाली दाबलं. "तोंडावर उजेड मारू नका," तो कुजबुजला. माझ्या अंगावर खाकी, खांद्याला वायरलेस, मागं शिपाई, आणि मला काय बोलावं ते सुचेना. प्रशिक्षणात जमाव कसा हटवायचा ते शिकवतात. काठावर बसलेल्या बाईशी काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

शेतकरी दहा-बारा फुटांवर उकिडवा बसला. डोक्याची बॅटरी काढून त्यानं मातीत पालथी घातली. आणि बांधावर दिवसा भेट झाल्यासारखा म्हणाला, "वैनी, पाणी कुठवर आलं वो विहिरीला?"

कितीतरी वेळ काही नाही. खाली कुठंतरी पाझर गळत होता, त्याचा आवाज येत होता.

"दोन परस," ती म्हणाली.

"आमच्याला दीडच हाय. संक्रातीला ही गत. मोसंबी हाय का तुमची?"

"तीनशे झाडं."

"मंग पुरायचं न्हाई."

"न्हाई पुरायचं," ती म्हणाली, आणि तिनं एक पाय वर घेतला.

जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हे बोलणं पाण्याचं वाटेल. इथं त्याचा अर्थ वेगळा आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. सात-आठ वर्षं लेकरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी स्वतः कुऱ्हाड लावून तोडली आणि जळणाला विकली. विहिरीत किती परस पाणी आहे हे इथल्या बाईला झोपेतून उठवून विचारा, ती सांगेल. नवऱ्यानं मारलेली, मरायला निघालेली ती बाई त्या क्षणी तीनशे झाडांचा हिशोब करायला परत आली. शेतकऱ्यानं हे ठरवून केलं का, मला माहीत नाही. मी त्याला विचारलंही नाही.

दुसरा पाय वर घ्यायला तिला वेळ लागला. आम्ही जागचे हललो नाही. मग तीच उठली, चार पावलं मागं आली आणि बाभळीच्या बुडाशी बसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वरच्या खिशात फोन चालूच आहे. काढून कानाला लावला. पोरगा रडत नव्हता. म्हणाला, "सायेब, मम्मीच बोलली ना?" त्यानं ते दोन परस ऐकले होते. फोनवर बोलण्याचा वेळ दिसतो तिथं 43 मिनिटं झाली होती.

रात्री बाईमाणसाला हलवायचं तर महिला अंमलदार हवी. तिला घेऊन दुसरी गाडी यायला तासाच्या वर गेला. तेवढा वेळ आम्ही आखाड्यावर बसून होतो. बहीण उठली आणि आईच्या मांडीवर पुन्हा झोपली. पोरानं चुलीत काटक्या घालून जाळ केला आणि आईजवळ न बसता माझ्याजवळ येऊन बसला. सहावीतल्या पोराला काय विचारावं म्हणून मी विचारलं, हा नंबर तुला कुणी सांगितला? "शाळेत पोलीस मॅडम आल्या व्हत्या. फळ्यावर लिवला व्हता." वर्षाकाठी आम्ही किती शाळांत जातो, पोरं खिदळतात, आम्हीही घाईत असतो, पुढच्या बंदोबस्ताला जायचं असतं. ज्या अंमलदारानं तो फळ्यावर लिहिला तिला मी दुसऱ्या दिवशी फोन करून हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

नवऱ्याला उठवून गाडीत बसवलं. बाई पोरांना घेऊन महिला अंमलदाराबरोबर गेली. आम्ही शेतकऱ्याच्या मागं परत निघालो. पहाटेचे चार वाजून गेले होते. रस्त्याला लागलो तेव्हा तो चारीत पाय धुवायला वाकला, आणि वर न बघता म्हणाला, "मी त्या दिवशी अंतरवालीत व्हतो, सायेब."

एवढंच. आमच्या जिल्ह्यात 'त्या दिवशी' म्हटल्यावर तारीख सांगावी लागत नाही. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण चाललं होतं, आणि 1 सप्टेंबर 2023 ला तिथं लाठीमार झाला. गावकरी जखमी झाले, पोलीसही झाले, पुढं राज्यभर लोक रस्त्यावर आले, तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सरकारच्या वतीनं क्षमा मागितली. मी त्या बंदोबस्तात नव्हतो. पण वर्दी एकच असते, आणि त्यानंतरचे कित्येक महिने ती घालून खेड्यात शिरणं म्हणजे काय ते आम्ही अनुभवलं. पारावरची माणसं बोलायची थांबायची. चहाचा आग्रह बंद झाला. पुढच्या वर्षी जवळच वडीगोद्रीला ओबीसी आरक्षणासाठी उपोषण बसलं, आणि एकाच गावातल्या दोन आळ्या एकमेकींकडं पाहीनाशा झाल्या. स्टेटसवरून, बॅनरवरून, डीजेच्या गाण्यावरून रात्री-बेरात्री इव्हेंट पडायचे. मी याच मातीतला, मंठा तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. माझे चुलतभाऊ एका मंडपात, माझ्या मित्राचे भाऊ दुसऱ्या. ठाण्यात आमच्यातही सगळे समाज आहेत. एकाच डब्यात जेवलो, एकाच गाडीत बसलो, आणि त्या विषयावर एक शब्द बोललो नाही. ते जमलं याचा मला अभिमान आहे, आणि त्याचं ओझंही आहे.

इथं पोलीस या शब्दावर आधीच बरंच काही साठलेलं आहे. निजामाच्या राज्यातला पोलीस 'अमीन' होता, आणि त्याची दहशत माझ्या आजोबांच्या बोलण्यात अखेरपर्यंत होती. मग सप्टेंबर 1948 मध्ये भारताचं लष्कर आलं, पाच दिवसांत हैदराबाद शरण आलं, आणि त्या कारवाईलाही नाव पडलं 'पोलीस अॅक्शन'. आजी आपलं लग्न, काकांचा जन्म, सगळं पोलीस अॅक्शनच्या आधी की नंतर असं सांगायची. एकाच शब्दात भीतीही आणि सुटकाही. पुढं अंतरवालीही त्याच शब्दात जाऊन बसली. तो माणूस हे सगळं पाठीशी घेऊन, आपला वाफा सोडून, चिखलातून आमच्या पुढं चालला होता. मी काय उत्तर देणार? मी म्हटलं, "तुमचं पाणी फुटलं असंल." तो म्हणाला, "फुटलंच असंल," आणि डोक्याला बॅटरी बांधून गव्हात उतरला.

गाडीत बसून इव्हेंट बंद करायला घेतला. आमच्या कागदाची एक वेगळी मराठी आहे. तीत माणूस भेटत नाही, 'मिळून येतो'. नवरा 'नमूद इसम' होतो. रात्र 'सदर वेळी' होते. बाहेरचे लोक तिला हसतात. मला ती धरायला बरी वाटते. विहिरीवरून परत आल्यावर बोटं थरथरत असतात, तेव्हा ठरलेले शब्द हाताशी असले की ओळ पुरी होते. फक्त 'समज दिली' हे दोन शब्द त्या चुन्याच्या भिंतीनंतर मी लिहीत नाही. मी लिहिलं: महिला विहिरीच्या काठी सुखरूप मिळून आली. महिला अंमलदाराचं नाव, वेळ. दुखापतीसाठी दवाखान्यात रवाना. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची आणि संरक्षण अधिकाऱ्याची माहिती दिली. पतीवर प्रतिबंधक कारवाई प्रस्तावित. आणि शेवटी: विहिरीस कठडा नाही. टॅबला या वाक्याची गरज नव्हती, मला होती.

1 जुलै 2024 पासून कलमं बदलली. फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174 म्हणजे अकस्मात मृत्यू, हे माझ्या हाडात बसलेलं. मर्ग म्हटलं की हात आपोआप तो आकडा लिहायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत मर्ग 194 वर गेला, आणि 174 आलं अदखलपात्र तक्रारीला. शिव्या दिल्या, थापड मारली, धमकी दिली, अशा नोंदी. त्या पहाटे माझ्या डोक्यात हाच आकडा फिरत होता. पूर्वी ती ज्या आकड्याखाली विहिरीतून वर आली असती, त्याच आकड्याखाली आता तिचं भांडण नोंदवता येतं. तिनं त्या रात्री तक्रार दिली नाही. दोन दिवसांनी भावाला घेऊन आली आणि दिली. मारहाणीचा, छळाचा रीतसर गुन्हा दाखल झाला, तपास दुसऱ्याकडं गेला.

पुढचं मला माहीत नाही. आमच्या कामाला सुरुवात असते, शेवट आमच्याकडं येत नाही. डॉक्टरला पेशंट पुन्हा दिसतो, वकिलाला निकाल कळतो, मास्तराला पोरगं मोठं झालेलं भेटतं. आम्ही एखाद्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तासाला जातो आणि तो तास संपला की निघतो. एप्रिलमध्ये एका बंदोबस्ताहून परतताना मी गाडी त्या पांदणीकडं वळवायला सांगितली. चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. आखाड्याला कुलूप होतं. बाभळ होती, खोली होती. मोसंबीची झाडं हिरवी होती, म्हणजे कुणीतरी पाणी घालत होतं. विहिरीत डोकावलो. परसभरही नसेल. काठाला तीन बाजूंनी बाभळीच्या काट्या रचून कुंपण केलेलं दिसलं, चौथी बाजू मोटारीसाठी मोकळी. त्या बाईनं केलं, नवऱ्यानं, भावानं की त्या शेतकऱ्यानं, सांगायला तिथं कुणी नव्हतं.

पोराचा नंबर मी माझ्या फोनमध्ये 'आखाडा' या नावानं ठेवला आहे. तो पुन्हा आलेला नाही. रात्री ड्युटीवर बसलो की कधी कधी काढून बघतो आणि परत ठेवतो.

परवा पुन्हा नाईट होती. बरोबर तोच शिपाई. 2 वाजून 20 मिनिटांनी टॅब वाजला. मारहाण, एक जण बेशुद्ध, ठिकाण तांडा, टाकीजवळ. नकाशावर गोल, गोलात दोन तांडे. मी फोनकडं हात नेला तर शिपायानं आधीच नंबर लावला होता. गाडी सुरू करता करता तो म्हणत होता, "हॅलो, पोलीस बोलतो. घाबरू नका, निघालोय. दिवसा तिथून काय दिसतं ते सांगा."